जुन्या पेटीत हस्तिदंती वस्तू निघाली, तर काय करावे

२०२१ च्या जुलैत पंचगंगेचे पाणी कोल्हापुरातील शाहूपुरीत शिरले, तेव्हा आमच्या आत्याच्या घरातील खालच्या खोलीत वर्षानुवर्षे पडून असलेली सागवानी पेटी आम्ही चौघांनी उचलून माळ्यावर नेली. पाणी ओसरल्यावर ती उघडली. इरकली लुगडी आणि पितळी समया यांच्याखाली एका मखमली बटव्यात सारीपाटाच्या सोळा सोंगट्या, तीन लांबट फासे आणि एका काठीची कोरीव मूठ निघाली. रंग जुन्या लोण्यासारखा होता आणि हातात घेतल्यावर वजन जाणवत होते. आत्याच्या मुलाने फोटो काढून जुन्या वस्तूंच्या एका दलालाला पाठवले. त्याने तासाभरात किंमत सांगितली आणि वर सल्ला दिला, "पार्सलवर हाड म्हणून लिहा, कुणी विचारत नाही." त्या एका वाक्याने मी सावध झालो. ज्या वस्तूचे खरे नाव पार्सलवर लिहिता येत नाही, तिचा व्यवहार सरळ असू शकत नाही. त्यानंतरच्या काही महिन्यांत वनखात्याच्या कचेरीत, वकिलांकडे आणि कायद्याच्या पुस्तकात जे कळले, ते कोल्हापुरातील इतर घरांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे क्रमाने मांडत आहे. हे शहर संस्थानकाळापासून हत्तींचे आहे. येथे साठमारी, म्हणजे हत्तीला डिवचून खेळायचा झुंजीचा खेळ, होत असे, आणि पेठांमधील जुन्या वाड्यांत अशा पेट्या अजून पुष्कळ आहेत.

सर्वप्रथम काय करू नये ते सांगतो, कारण बहुतेक चुका पहिल्या दोन दिवसांत होतात. वस्तू विकू नये, विक्रीसाठी तिचे फोटो कोठेही टाकू नयेत, किंमत विचारण्यासाठीसुद्धा दलालाकडे पाठवू नयेत. कायद्याच्या दृष्टीने विक्रीचा देकार हाही गुन्हाच आहे. नात्यातील कुणाला लग्नात भेट म्हणून देऊ नये, कारण वारसा सोडून अन्य मार्गाने ती स्वीकारणारा माणूसही अडचणीत येतो. सोनाराकडे नेऊन सोन्यात मढवून घेऊ नये. घाबरून ती जाळू नये किंवा पंचगंगेत सोडून देऊ नये. अशा प्रकारे वस्तू नाहीशी केल्याने प्रश्न सुटत नाही, उलट पुरावा नष्ट केल्याचा नवा प्रश्न उभा राहतो. वस्तू होती त्या जागी, होती त्या कापडात ठेवावी, फोटो फक्त स्वतःच्या नोंदीसाठी काढावेत आणि पेटी कुणाची, ती केव्हा व कुणासमोर उघडली हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे.

दुसरे काम म्हणजे ती वस्तू खरोखर हस्तिदंताची आहे का, याचा प्राथमिक अंदाज घेणे. हत्तीचा सुळा हा वरच्या जबड्यातला पुढचा दात असतो. तो हाडाचा नसून दंतद्रव्याचा बनलेला असतो आणि या द्रव्याच्या रचनेची एक खूण असते. वस्तूचा आडवा छेद दिसेल असा भाग, म्हणजे मुठीचा तळ किंवा फाशाचे टोक, स्वच्छ उजेडात साध्या भिंगाखाली पाहावा. एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी तेथे दिसली, तर त्या श्रेगर रेषा होत. आजच्या हत्तीच्या सुळ्यात कडेजवळ या रेषांमधील कोन रुंद, साधारणपणे ११५ अंशांहून अधिक असतो. नामशेष झालेल्या मॅमथच्या सुळ्यात तो अरुंद, बहुधा ९० अंशांहून कमी असतो. लांबीच्या बाजूने पाहिल्यास मात्र जाळी दिसत नाही, केवळ किंचित लहरती समांतर रेघ दिसते. त्यामुळे बाजूला जाळी नाही म्हणून हस्तिदंत नाही, असा निष्कर्ष काढू नये. उंटाचे किंवा बैलाचे हाड असेल, तर त्यात रक्तवाहिन्यांच्या मार्गांचे बारीक काळपट ठिपके किंवा आखूड चिरा दिसतात. प्लास्टिक किंवा सेल्युलॉइड असेल, तर रेघा असल्याच तरी त्या यंत्राने ओढल्यासारख्या एकसारख्या असतात आणि कधी साच्याची शिवण सापडते. अतिनील दिव्याखाली हस्तिदंत व हाड दोन्ही निळसर पांढरे उजळतात, प्लास्टिक बहुधा मंद राहते.

तापलेली सुई टोचून पाहण्याचा उपाय अनेक जण सांगतात. तो मुळीच करू नये. वस्तू कायमची बिघडते आणि त्यातून हाड व हस्तिदंत वेगळे ओळखताही येत नाहीत. पिवळेपणावरूनही वय ठरवू नये, कारण नव्या वस्तूला चहाच्या पाण्यात बुडवून जुनेपणा आणणारे कारागीर जगभर आहेत. अखेरचा निर्णय प्रयोगशाळेचाच असतो. आपल्या देशात अशा नमुन्यांची तपासणी देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत होते. घरी घेतलेला अंदाज केवळ पुढचे पाऊल ठरवण्यापुरता असतो, आणि संशय राहिला तर वस्तू हस्तिदंतीच आहे असे धरून चालावे.

कोणकोणत्या वस्तूंकडे लक्ष द्यावे, हेही आपल्या भागापुरते सांगतो. सोंगट्या, फासे, बुद्धिबळाची प्यादी, फण्या, कुंकवाचे करंडे, देव्हाऱ्यातील लहान मूर्ती, अत्तरदाण्या आणि काठीच्या मुठी या नेहमीच्या वस्तू झाल्या. कोल्हापुरात जुनी शस्त्रे जपणारी पुष्कळ घराणी आणि तालमी आहेत. त्यांनी कट्यारींच्या आणि तलवारींच्या मुठी एकदा भिंगाखाली पाहाव्यात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत घडलेले जुने तंबोरे आणि सतारी आपल्या घरांत आहेत. त्यांची घोडी, म्हणजे तारा टेकवण्याची पट्टी, किंवा भोपळ्यावरचा जडाव कधी हस्तिदंताचा, कधी सांबरशिंगाचा असतो. वाद्य वाजवायला अडचण नाही, पण ते विकायला काढताना हाच कायदा आडवा येतो, आणि जडाव उचकटून वाद्य विकणे हा तर वाद्यावरही अन्याय आहे. हत्तीच्या शेपटीच्या केसाची अंगठी फिरते विक्रेते भाग्याची म्हणून विकतात. केस खरा असेल तर व्यवहार बेकायदा आहे आणि नायलॉनचा असेल तर फसवणूक आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी ती घेऊ नये. ‘गजमुक्ता’, म्हणजे हत्तीच्या मस्तकातील मोती, या नावाने जे विकले जाते, त्याबद्दलही हेच म्हणावे लागेल.

येथे थोडे थांबून एका शंकेचे उत्तर दिले पाहिजे, कारण आमच्याच घरात ती सर्वांत आधी निघाली. आत्याचे म्हणणे होते की, ज्या हत्तीच्या या सोंगट्या आहेत, तो मरून शंभर वर्षे झाली, मग आता कुणाचे काय बिघडते? प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर बाजाराच्या रीतीत आहे. सुळ्याचा जवळजवळ एकतृतीयांश भाग कवटीत रुतलेला असतो, त्यामुळे शिकारी तो पूर्ण मिळवण्यासाठी हत्तीला मारतोच. आशियाई हत्तींत सुळे फक्त नरांना असतात, सर्वच नरांना नसतात, माद्यांना तर नसतातच. म्हणून शिकारीने नर तेवढे वेचून संपतात आणि कळपात नर-मादीचे प्रमाण बिघडते. केरळातील पेरियारच्या जंगलात ते किती टोकाला गेले होते, हे अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. आणि अशा ताज्या सुळ्याची वस्तू बाजारात येते, तेव्हा तिच्यावर ‘ताजी’ असे लिहिलेले नसते. ती ‘आजोबांच्या काळातील’ म्हणूनच येते. २००२ ते २०१४ या काळात जगात ठिकठिकाणी जप्त झालेल्या सुळ्यांचे वय शास्त्रज्ञांनी किरणोत्सारी कार्बनवरून काढले. १९५० आणि ६० च्या दशकांतील अणुचाचण्यांनी हवेत सोडलेल्या कार्बनमुळे ही मोजणी नेमकी होते. त्यात बहुसंख्य हत्ती जप्तीच्या आधी तीन वर्षांच्या आत मेलेले निघाले. जुन्या मालाच्या नावाखाली नवा माल खपतो. आपली खरीखुरी जुनी सोंगटी बाजारात उतरली की त्या खोट्या नावाला ती आधार देते, आणि माझ्या मते आपल्याकडून होणारे खरे नुकसान तेच आहे.

जगाने हा धडा महागात घेतला. आफ्रिकी हत्तीच्या हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीव व्यापारविषयक जागतिक करारान्वये १९८९ मध्ये बंदी ठरली. आशियाई हत्तीला ते संरक्षण त्याआधीच, १९७५ पासून होते. पुढे काही आफ्रिकी देशांच्या साठ्यांची विक्री एकदाच म्हणून मान्य झाली. १९९९ मध्ये सुमारे ५० टन हस्तिदंत जपानला, तर २००८ मध्ये १०० टनांहून अधिक चीन आणि जपानला गेले. कायदेशीर माल समोर असला की बेकायदा माल त्याच्या आडून सरकतो, हा संरक्षणवाद्यांचा आक्षेप तेव्हापासूनचा आहे. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या आफ्रिकेतील मोठ्या हवाई गणनेत २००७ ते २०१४ या काळात सॅव्हाना (गवताळ प्रदेशातील) हत्ती सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्याच वर्षी ३० एप्रिलला केनियाने नैरोबीत सुमारे १०५ टन हस्तिदंताची होळी केली, आणि २०१७ च्या अखेरीस चीनने देशांतर्गत हस्तिदंतबाजार बंद केला.

भारताचा कायदा यापेक्षा कडक आहे आणि तो टप्प्याटप्प्याने कडक झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात हत्ती १९७७ मध्ये अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, गेला. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा देशांतर्गत व्यापार थांबवला. मग ‘आमचा माल आफ्रिकेचा आहे’ ही पळवाट निघाली, ती १९९१ च्या दुरुस्तीने बुजवली. त्यानंतर ‘हे मॅमथचे आहे, हत्तीचे नव्हे’ असा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. २००३ मध्ये बलराम कुमावत खटल्यात न्यायालयाने तोही फेटाळला, कारण साध्या डोळ्यांना जे हस्तिदंतच दिसते, ते वगळले तर बंदीला अर्थच उरत नाही. शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद अशी आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान दंड २५,००० रुपये झाला आहे. शिवाय या कायद्यात ताबा सिद्ध झाला की तो बेकायदा आहे असे गृहीत धरले जाते आणि तो कायदेशीर असल्याचे सिद्ध करण्याचे ओझे ताबा असणाऱ्यावर येते. ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ या वाक्याला म्हणूनच फारसे बळ नाही, आणि सगळा भर येऊन पडतो तो कागदावर.

तो कागद म्हणजे मालकी प्रमाणपत्र. घरात ज्याच्याकडे अशी वस्तू होती, त्याने ती राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाहीर करून हे प्रमाणपत्र घेणे अपेक्षित होते. कायदा लागू झाल्यावर एक संधी होती, आणि १८ एप्रिल २००३ पासून १८० दिवसांची आणखी एक संधी दिली गेली. म्हणून शोध त्या दोन काळांतील कागदांत घ्यावा. केवळ घराच्या फायलीत पाहून थांबू नये. आजोबांच्या बंदुकीच्या परवान्याची फाईल, शिकारीचे जुने परवाने, वाटणीपत्र, मृत्युपत्र, बँकेच्या लॉकरमधील पाकिटे, वकिलांकडे ठेवलेले दप्तर, हे सर्व पाहावे. प्रमाणपत्र सापडले, तर त्यावरील वर्णन, नग आणि मापे समोरच्या वस्तूशी ताडून पाहावीत. सोळा सोंगट्यांची नोंद असून पेटीत अठरा निघाल्या, तर वरच्या दोन सोंगट्यांना त्या कागदाचे संरक्षण नाही.

प्रमाणपत्र आहे, पण ज्यांच्या नावावर आहे ते हयात नाहीत, ही स्थिती सर्वांत अधिक आढळते. अशा वेळी वारसाने वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे प्रतिज्ञापन द्यावे लागते. हे पद नागपुरात आहे, पण अर्जाची वाट आपल्या भागातील उपवनसंरक्षकांच्या कार्यालयातून धरणे सोयीचे पडते. अर्जासोबत मूळ प्रमाणपत्राची प्रत, मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद आणि वस्तूंचे मोजमापांसह फोटो जोडावेत. भाऊबहिणी अनेक असतील, तर वस्तू कुणाकडे राहणार याची सर्वांच्या सह्यांची संमती आधीच घ्यावी, नाहीतर चौकशी तेथेच अडते. त्यानंतर अधिकारी घरी येऊन पाहणी करतात, यादी करतात, वस्तूंवर ओळखखूण करू शकतात आणि खात्री पटल्यावर वारसाच्या नावे प्रमाणपत्र मिळते. ९० दिवस उलटून गेले असतील, तर आणखी उशीर न करता वकिलांच्या सल्ल्याने विलंबाचे कारण लिहून अर्ज द्यावा.

प्रमाणपत्र असूनही विक्री करता येत नाही, हे पुन्हा सांगणे आवश्यक आहे. ते ठेवण्याचा कागद आहे, व्यापाराचा नव्हे. बिऱ्हाड बेळगावला किंवा गोव्याला हलवताना अशी वस्तू सोबत गेली, तर राज्य बदलल्याची माहिती ३० दिवसांत तेथील वन्यजीव अधिकाऱ्यांना द्यावी लागते. परदेशातील मुलांकडे ती नेण्याचा विचारही करू नये. ठेवायचीच नसेल, तर २०२२ च्या दुरुस्तीने सोय केली आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांना सात कामकाजाच्या दिवसांची पूर्वसूचना देऊन वस्तू शासनाकडे सोपवता येते. मोबदला मिळत नाही आणि प्रमाणपत्र रद्द होते. वस्तुसंग्रहालयाला देण्याची इच्छा चांगली आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील संग्रहालयातील सातवाहनकालीन हस्तिदंती बाहुली पाहिली की अशा वस्तू दहा जणांना दिसाव्यात असे वाटतेच. तरीही देणगी परस्पर करू नये, आधी वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी.

आता अवघड प्रसंग, म्हणजे कागद मुळीच न सापडण्याचा. आमच्याकडे हेच झाले. जाहीर करण्याची खुली मुदत २००३ मध्येच संपलेली असल्याने या स्थितीत वस्तू घरी ठेवण्याचा सरळ मार्ग कायद्यात उरलेला नाही, हे मनाला लावून घेण्याऐवजी समजून घ्यावे. प्रथम फौजदारी कायदा जाणणाऱ्या वकिलांशी बोलावे. मग त्यांच्या सल्ल्याने उपवनसंरक्षकांच्या नावे अर्ज लिहावा. त्यात वस्तू कोठे, केव्हा आणि कशी सापडली, ती कुणाची असावी, प्रमाणपत्राचा शोध कोठे कोठे घेतला आणि ती शासनजमा करण्याची आपली इच्छा आहे, एवढे साध्या शब्दांत असावे. अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कचेरी सोडू नये. वस्तू पिशवीत घालून स्वतः घेऊन जाऊ नये, रस्त्यात तपासणी झाली तर हेतू सिद्ध करणे कठीण जाते. अधिकाऱ्यांनी घरी येऊन पंचनामा करावा अशी विनंती करावी, पंचनाम्यातील वर्णन, नग आणि वजन स्वतः वाचावे आणि प्रत मागून घ्यावी. आपण होऊन कळवणारा माणूस आणि छाप्यात सापडणारा माणूस यांत कचेरीने व न्यायालयाने फरक करावा, अशी अपेक्षा ठेवायला तो आवक क्रमांकच आधार असतो. आत्याने पंचनाम्यावर सही करताना सोंगट्यांवरून एकदा हात फिरवला आणि बटवा मात्र मागून ठेवून घेतला.

घराबाहेरच्या प्रसंगांत मार्ग सोपा आहे. कुणी सुळा, वस्तू किंवा तिचे फोटो दाखवून गिऱ्हाईक शोधत असेल, तर घासाघीस करून ‘पुरावा’ मिळवण्याचा प्रयत्न करू नये. तो बनाव आपल्यावरच उलटू शकतो, आणि या धंद्यातील माणसे सौम्य नसतात. दिवस, वेळ, जागा, वाहनाचा क्रमांक, फोन नंबर, बोललेले शब्द टिपून ठेवावेत. जाहिरात मोबाइलवर आली असेल, तर ती पुसली जाण्याआधी पडद्याचे चित्र आणि दुवा जपावा. जाहिरातीत ‘हस्तिदंत’ हा शब्द सहसा नसतो, ‘बोन’ किंवा ‘अँटिक’ असे लिहिलेले असते आणि फोटोत मुद्दाम आडवा छेद दाखवलेला असतो, तोच जाणकार गिऱ्हाइकासाठी इशारा असतो. माहिती वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर द्यावी, प्रसंग तातडीचा असेल तर ११२ वर पोलिसांना कळवावे. टोळी राज्याबाहेरची वाटत असल्यास केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोलाही लिहिता येते. दंडाच्या रकमेतून माहिती देणाऱ्याला बक्षीस देण्याची तरतूद कायद्यात आहे.

आजरा, चंदगड आणि भुदरगड या बाजूच्या वाचकांसाठी एक मुद्दा वेगळा सांगावा लागतो. कर्नाटकातून हत्ती या भागात येऊ लागल्याला दोन दशके होऊन गेली आहेत, आणि उसात शिरलेला टस्कर, म्हणजे सुळेवाला नर हत्ती, तेथे कुणाला नवा नाही. पिकाचे नुकसान खरे आहे आणि त्याची भरपाई मिळवणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. त्या रागातून कुंपणात वीज सोडली जाऊ नये, कारण तिने माणसेही मरतात. झुंजीत किंवा झाड उपटताना सुळ्याचा तुकडा मोडून शेतात पडलेला सापडला, तर तो सापडणाऱ्याचा नसतो, शासनाचा असतो. तो आठवण म्हणून घरी नेऊ नये. नकळत हाती आलाच, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्यांना कळवून त्यांच्या ताब्यात द्यावा लागतो. हत्ती मेलेला आढळला, तर जवळ गर्दी होऊ देऊ नये, वीजवाहिनी पडलेली असण्याची शक्यता लक्षात घेऊन अंतर राखावे, वनरक्षकाला फोन करावा आणि तो येईपर्यंत गावातील दोघा-तिघांनी दुरूनच, पण नजर न हटवता, पहारा द्यावा. सुळे चोरीला जाण्याचा धोका सर्वाधिक असतो तो याच दोन-चार तासांत. दोन्ही सुळे जागेवर असल्याचा वेळेसह काढलेला एक फोटो पुढच्या चौकशीत फार मोलाचा ठरतो, तो वनरक्षकाला तेथेच पाठवून द्यावा.